रॅम मोकळी, तरी 'टीसीपी: आउट ऑफ मेमरी', शिवाय सर्व्हरच्या आयपीवर दुसरंच कुणीतरी बसलंय

शिरोली_दुसरी_पाळी | सोमवार, दु. १.१०

शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपचा सर्व्हर आहे. उबंटू २२.०४, आयपी १९२.१६८.१.१० हाताने दिलेला. त्यावर तीन कामं चालतात: सीएनसी मशीनकडून उत्पादनाचे आकडे गोळा करणारं जावातलं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस आणि ड्रॉइंगचं सांबा शेअर. आकडे पाठवणारे क्लायंट साधारण ६०.

लक्षणं अशी. सकाळी ८ ला पाळी लागली की थोड्याच वेळात कनेक्शन तुटायला लागतात, पुन्हा जुळतात, पुन्हा तुटतात. साडेदहाच्या सुमारास सगळंच बसतं. एसएसएच लागत नाही, पण पिंगला उत्तर येतं. कन्सोलवर कर्नल लॉगमध्ये 'टीसीपी: आउट ऑफ मेमरी -- कन्सिडर ट्यूनिंग टीसीपी_मेम' ही ओळ शेकडो वेळा. 'फ्री -एच' मात्र ३ जीबीच्या वर अव्हेलेबल दाखवतो. रीस्टार्ट केला की संध्याकाळी पाळी बदलेपर्यंत चालतं.

शुक्रवारी रॅम ८ ची १६ जीबी केली. आता साडेदहाऐवजी बारा वाजता बसतो. आणखी वाढवू का?

उद्यमनगरी | सोमवार, दु. १.२५

भावा, /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फमध्ये टीसीपी_मेमच्या तिन्ही जागी १६७७७२१६ टाक आणि 'सिसकंट्रोल -पी' मार. मेसेज यायचा बंद होईल.

रंकाळा_टर्मिनल | सोमवार, दु. २.०५

उद्यमनगरी, तो आकडा टाकू देऊ नका. टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम (एकेका कनेक्शनचे वाचायचे आणि पाठवायचे बफर) बाइटमध्ये असतात, पण टीसीपी_मेम (सगळ्या टीसीपीची मिळून मेमरी) पेजमध्ये मोजतात. एक पेज ४०९६ बाइटचं. १६७७७२१६ पेज म्हणजे ६४ जीबी. १६ जीबीच्या सर्व्हरवर याचा अर्थ मर्यादाच उठवली असा होतो. मेसेज बंद होईल हे खरं, पण मग कर्नल पोस्टग्रेसची प्रोसेस मारायला निघेल, आणि ते जास्त महागात पडेल.

रॅम मोकळी असून असं का होतं ते आधी. टीसीपीला सगळी रॅम वापरायला मिळत नाही. बूट होताना कर्नल मोकळ्या रॅमवरून तीन आकडे ठरवतो: सुमारे ४.७ टक्के, ६.२५ टक्के आणि ९.४ टक्के. पहिल्याच्या खाली असेपर्यंत तो कुणाला अडवत नाही, दुसरा ओलांडला की बफर आवळायला लागतो, तिसऱ्याला टेकला की 'आउट ऑफ मेमरी' लिहितो आणि पॅकेट टाकून देतो. शिवारात ऊस कितीही उभा असू दे, गुऱ्हाळात काहील जेवढी तेवढाच रस एका वेळी शिजतो; इथली काहील रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नाही. 'फ्री' शिवार दाखवतो.

पिंग चालतं कारण ते आयसीएमपी आहे, टीसीपीच्या हिशेबात येत नाही. ही खूण लक्षात ठेवा: पिंग चालू आणि एसएसएच बंद, तर टीसीपीच्या मेमरीकडे बघायचं. पिंगच मधूनमधून गळत असेल तर दुखणं वेगळं. तुमच्या वर्णनात सकाळी ८ चं दुखणं आणि साडेदहाचं दुखणं ही दोन वेगळी वाटतात.

उद्या बसायच्या आधी कन्सोलवर हे घ्या. (कमांड इथल्या रिवाजाने देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अक्षरांत.)

कॅट /प्रॉक/नेट/सॉकस्टॅट
कॅट /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/टीसीपी_मेम
एसएस -एस
एसएस -टॅन स्टेट क्लोज-वेट | डब्ल्यूसी -एल
एसएस -टीएनएमपी स्टेट क्लोज-वेट | हेड -२०

सॉकस्टॅटमध्ये 'टीसीपी:' ओळीच्या शेवटी 'मेम' आहे, तोही पेजमध्ये. तो टीसीपी_मेमच्या तिसऱ्या आकड्याशी ताडून बघा. शेवटच्या कमांडमध्ये प्रत्येक सॉकेटखाली (कनेक्शनच्या आपल्या बाजूच्या टोकाखाली) 'एसकेमेम' येतं; त्यातला 'आर' म्हणजे वाचायची राहिलेली मेमरी आणि 'आरबी' म्हणजे तिची मर्यादा.

आणि सकाळी ८ वाजता, कनेक्शन तुटत असताना, दुसऱ्या एखाद्या लिनक्स पीसीवरून 'हा आयपी कुणाचा' असं लॅनला विचारा:

एआरपिंग -आय ईएनओ१ -सी १० १९२.१६८.१.१०

('-आय' कॅपिटल. 'ईएनओ१' च्या जागी त्या पीसीच्या कार्डाचं नाव.) प्रत्येक उत्तरासोबत नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस येतो. सगळ्या ओळींत एकच मॅक हवा.

कागल_फायरवॉल | सोमवार, दु. ४.४०

धाग्यात घुसतोय, पण विषय जवळचा आहे. आमच्याकडे पीएफसेन्स फायरवॉल आहे, डॅशबोर्डवर एमबफ वापर ९७ टक्के दाखवतो. हेच दुखणं का?

रंकाळा_टर्मिनल | सोमवार, सायं. ५.१५

जात एकच, जागा वेगळी. पीएफसेन्स फ्रीबीएसडीवर चालतो. तिथे नेटवर्कची मेमरी एमबफमध्ये (२५६ बाइट) आणि क्लस्टरमध्ये (२०४८ बाइट) असते, आणि क्लस्टरची कमाल संख्या 'कर्न.आयपीसी.एनएमबीक्लस्टर्स' ठरवतो. 'नेटस्टॅट -एम' चालवा, क्लस्टरच्या ओळीत चालू, कॅश, एकूण आणि कमाल असे चार आकडे येतील. त्याच यादीत 'डिनाइड' च्या ओळीत शून्य असेल तर अजून एकही पॅकेट त्यापायी गेलेलं नाही.

जास्त पोर्टच्या कार्डावर बूट होतानाच हा आकडा वर जातो, कारण प्रत्येक पोर्टची प्रत्येक क्यू (पॅकेटची रांग) आपलं रिंग, म्हणजे पॅकेट ठेवायच्या जागा (डिस्क्रिप्टर), आधीच भरून ठेवते. ४ पोर्ट, प्रत्येकी ४ क्यू, प्रत्येकी १०२४ डिस्क्रिप्टर धरले तर १६,३८४ क्लस्टर रहदारी सुरू व्हायच्या आधीच गेले. कमाल १,३१,०७२ केलीत तर सगळे भरल्यावर २५६ एमबी लागतील; तेवढी रॅम असेल तर /बूट/लोडर.कॉन्फ.लोकलमध्ये ओळ घालून रीबूट करा. पण वापर बूटनंतर स्थिर आहे की दिवसागणिक चढतोय ते आधी आठवडाभर पाहा. चढत असेल तर कमाल वाढवून फक्त तारीख पुढे जाते.

शिरोली_दुसरी_पाळी | मंगळवार, दु. १२.२०

सर, आकडे घेतले. बसायच्या पाच मिनिटं आधी:

टीसीपी_मेम: १८७८४२ २५०४५९ ३७५६८४
सॉकस्टॅट: टीसीपी: इनयूज ११९०२ ऑर्फन ० टीडब्ल्यू १८ अलॉक ११९१० मेम ३७४९०६
क्लोज-वेट: ११,७००च्या आसपास, सगळी जावाच्या प्रोसेसची
एसकेमेम: बहुतेक ओळींत आर१३१३२८, आरबी१३१०७२

आणि एआरपिंगमध्ये सकाळी ८.०५ ला दोन मॅक आले! काही उत्तरं सर्व्हरच्या मॅककडून, काही अनोळखी मॅककडून. साडेसातला करून बघितलं होतं तेव्हा एकच होता.

रंकाळा_टर्मिनल | मंगळवार, दु. १२.५५

मग दोन्ही सापडले. हिशेब करून बघा: ३,७५,६८४ पेज म्हणजे साधारण १.४३ जीबी. एकेका सॉकेटने १,३१,०७२ बाइट अडवले तर ११,७४० सॉकेटला काहील भरते. तुमची क्लोज-वेट मोजणी नेमकी तिथेच आहे. ८ जीबीवर हीच संख्या पावणेसहा हजार होती, म्हणून रॅम वाढवल्यावर फक्त वेळ लांबला.

क्लोज-वेट म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं, कर्नलने ते सॉफ्टवेअरला कळवलं, पण सॉफ्टवेअरने अजून आपल्या बाजूने 'क्लोज' केलेलं नाही. याला कर्नलमध्ये कसलाही टाइमआउट नाही. टाइम-वेट ६० सेकंदांत आपोआप जातं, क्लोज-वेट प्रोसेस मरेपर्यंत राहतं. म्हणून इंटरनेटवर सापडणारे 'टीसीपी_टीडब्ल्यू_...' चे उपाय इथे लागूच नाहीत; त्यातला 'रीसायकल' तर कर्नल ४.१२ पासून काढूनच टाकलाय.

जावाचा थ्रेड पूल (एकाच वेळी कनेक्शन हाताळणाऱ्या थ्रेडची संख्या) केवढा आहे? आणि 'जेस्टॅक' चालवून थ्रेड कुठे थांबलेत ते पाहा.

शिरोली_दुसरी_पाळी | मंगळवार, दु. ३.३०

पूल ८० चा. ८० च्या ८० थ्रेड सॉकेट वाचण्यावर अडकलेले आहेत.

गडहिंग्लज_जावा | मंगळवार, सायं. ६.५०

जावाची बाजू मी सांगते. साखळी अशी लागते.

सर्व्हरच्या आयपीवर दुसरं यंत्र एआरपीला ('हा आयपी कुठल्या मॅकचा' या प्रश्नाला) उत्तर देतं. एखाद्या क्लायंटच्या एआरपी कॅशमध्ये त्याचा मॅक बसला की क्लायंटची पॅकेट सर्व्हरऐवजी त्या यंत्राकडे जातात. त्या यंत्राला हे कनेक्शन माहीत नसतं, ते 'रीसेट' पाठवतं. क्लायंट कनेक्शन टाकून देतो आणि नवीन जोडायला जातो. सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही! त्याच्या दृष्टीने जुनं कनेक्शन 'एस्टॅब्लिश्ड' आहे, आणि त्यावर एक थ्रेड 'रीड' मध्ये वाट पाहत बसलाय. रीड टाइमआउट लावलेला नसेल तर तो कायमचा बसला.

क्लायंट ६० आणि थ्रेड ८०, म्हणजे अशी २० मेलेली कनेक्शन साचली की पुढच्या क्लायंटना थ्रेड मिळेनासा होतो. पण कनेक्शन स्वीकारणारा थ्रेड वेगळा असतो, तो घेतच राहतो. मशीनचा अडॅप्टर (आकडे पाठवणारा क्लायंट) जोडतो, साठलेले आकडे ओततो, उत्तर येत नाही म्हणून मिनिटभराने बंद करतो आणि परत येतो. वाचायला कुणी नाही, म्हणून रिसीव्ह बफर भरलेला आणि सॉकेट क्लोज-वेटमध्ये. सगळे ६० अडकले तर तासाला ३,६००. सव्वातीन तासांत तुमचे पावणेबारा हजार होतात. पाळी ८ ची, सर्व्हर बसतो बाराला, वेळही जुळते.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना फसवते. जुन्या सर्व्हिसला १०२४ फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइल आणि सॉकेटची) मर्यादा असायची, तिथे 'टू मेनी ओपन फाइल्स' येऊन गळती लवकर उघडी पडायची. उबंटू २२.०४ मध्ये सिस्टमडीची हार्ड लिमिट ५,२४,२८८ आहे आणि जावा स्वतःच सॉफ्ट लिमिट तिथवर चढवतं. त्यामुळे गळती डिस्क्रिप्टरवर न अडता थेट कर्नलच्या मेमरीपर्यंत पोचते.

कोडमध्ये चार बदल हवेत:

सॉकेट स्वीकारल्याबरोबर 'सेटएसओटाइमआउट' ३०००० मिलिसेकंद. अडॅप्टर दर १० सेकंदांनी जिवंत असल्याची खूण पाठवत असेल तर ३० पुरतात. पाठवत नसेल तर मशीन शांत असतानाही कनेक्शन तुटेल, म्हणून आधी ते तपासा.

सॉकेट 'ट्राय' च्या कंसातच उघडा, म्हणजे कुठलाही अपवाद आला तरी तो बंद होतो. 'कॅच' मध्ये नुसता लॉग लिहून पुढे गेलेला कोड हे गळतीचं सगळ्यात नेहमीचं ठिकाण.

थ्रेड पूलच्या मागची रांग अमर्याद ठेवू नका. १०० ची करा. भरली तर नवीन कनेक्शन लगेच बंद करा. अडॅप्टरला 'नाही' कळणं हे त्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा बरं.

'सेटकीपअलाइव्ह' ट्रू, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का ते कर्नल अधूनमधून तपासेल. हे न करता सिसकंट्रोलमध्ये कीपअलाइव्हचे आकडे कितीही बदललेत तरी उपयोग शून्य, कारण ते फक्त मागणाऱ्या सॉकेटना लागू होतात.

रंकाळा_टर्मिनल | मंगळवार, सायं. ७.२०

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. मूळ आकडे ७२०० सेकंद, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ प्रयत्न. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला २ तास ११ मिनिटं. शॉपच्या लॅनवर ३००, ३० आणि ५ ठेवा, साडेसात मिनिटांत निकाल लागतो.

आता दुसरं यंत्र शोधू. लिनक्स कर्नल आयपीव्ही४चा तंटा लॉगमध्ये लिहीत नाही, म्हणून डीमेसेजमध्ये शोधू नका. (विंडोज इव्हेंट ४१९९ लिहितं, फ्रीबीएसडी 'इज युझिंग माय आयपी अ‍ॅड्रेस' असं स्पष्ट लिहितं.) उद्या ८ ला थेट सर्व्हरवरून:

एआरपिंग -डी -आय ईएनओ१ -सी ३ १९२.१६८.१.१०
टीसीपीडंप -ईएनआय ईएनओ१ एआरपी अँड होस्ट १९२.१६८.१.१०

पहिल्यात '-डी' कॅपिटल आहे. एकही उत्तर आलं नाही तरच पत्ता एकट्याचा. एआरपिंगची दोन वेगळी पॅकेज आहेत. 'आययूपुटिल्स-एआरपिंग' मध्ये हे चालतं, नुसत्या 'एआरपिंग' नावाच्या पॅकेजमध्ये पर्यायांचे अर्थ वेगळे आहेत. म्हणून आधी कुठलं पॅकेज बसलंय ते बघा.

मॅक हाती आला की पहिल्या तीन जोड्यांवरून कार्डाचा निर्माता कळतो. मग मॅनेज्ड स्विचमध्ये शिरून मॅक टेबलात तो कुठल्या पोर्टवर आहे बघा. पोर्टच्या पुढे साधा स्विच असेल तर तिथे एकेक केबल काढत, दर वेळी एआरपिंग चालवत जायचं. उत्तर थांबलं ती केबल.

माझा अंदाज कॅमेऱ्याचा डीव्हीआर किंवा जुन्या मशीनचा सिरियल कन्व्हर्टर. विंडोज आयपी घेताना आधी विचारून बघतं आणि तंटा दिसला तर माघार घेतं. ही छोटी यंत्रं बहुधा विचारत नाहीत, चालू झाली की थेट 'हा पत्ता माझा' अशी घोषणा करतात.

उद्यमनगरी | मंगळवार, रा. ९.००

टीसीपी_मेमचं पेजचं गणित मला ठाऊक नव्हतं, वरचा सल्ला मागे घेतो. एक विचारतो: आयपी कमी पडतात म्हणून तंटा होतो ना? मग मास्क (नेटवर्कचा आकार) /२४ ऐवजी जास्त पत्त्यांचा /१६ केला तर?

रंकाळा_टर्मिनल | मंगळवार, रा. ९.३०

इथे पत्ते कमी पडलेले नाहीत, एकच पत्ता दोघांना दिलाय. /१६ ने तो तंटा तसाच राहील आणि नवीन दुखणं येईल. लिनक्सच्या एआरपी टेबलाची वरची मर्यादा मुळात १०२४ नोंदींची आहे (जीसी_थ्रेश३). मोठ्या सपाट नेटवर्कवर कुणी स्कॅन चालवला की 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' येतो आणि पिंगही 'नो बफर स्पेस अव्हेलेबल' म्हणतं. ते वाचून माणूस पुन्हा रॅम घ्यायला निघतो.

शिरोली_दुसरी_पाळी | बुधवार, स. ११.४५

सापडला. मॅक टेबलात पोर्ट १४, तिथून ८ पोर्टचा साधा स्विच, त्याच्या पाचव्या केबलला जुन्या टर्निंग सेंटरचा आरएस-२३२ ते इथरनेट कन्व्हर्टर. त्याला वीज मशीनच्या पॅनेलमधूनच आहे. सेटर पाळीच्या सुरुवातीला मेन चालू करतो तेव्हा हाही चालू होतो, आणि त्याला आयपी .१० दिलेला आहे. पाळी बदलताना मेन बंद-चालू होतो, म्हणून संध्याकाळीही तेच. आता आयपी बदलू का लगेच?

रंकाळा_टर्मिनल | बुधवार, दु. १२.०५

मशीनवर प्रोग्रॅम जात असताना नको. आधी डीएनसी सॉफ्टवेअर (मशीनवर प्रोग्रॅम पाठवणारं) ज्या पीसीवर आहे तिथे या कन्व्हर्टरचा आयपी आणि पोर्ट कुठे नोंदलाय ते शोधा, नाहीतर कन्व्हर्टर बदलाल आणि सेटरचा प्रोग्रॅम मशीनवर उतरणार नाही.

कन्व्हर्टरच्या वेबपेजवर .४१ द्या, मास्क आणि गेटवे तपासा, सेव्ह करून वीज बंद-चालू करा. डीएनसीत .४१ करा. मग सर्व्हरवरून 'एआरपिंग -यू -आय ईएनओ१ -सी ५ १९२.१६८.१.१०' ('-यू' कॅपिटल), म्हणजे सगळ्यांच्या कॅशमध्ये खरा मॅक बसेल. एखादा विंडोज पीसी तरी हट्ट करत असेल तर त्यावर अ‍ॅडमिन म्हणून 'एआरपी -डी *'.

राउटरची डीएचसीपी रेंज (तो आपोआप वाटतो ते पत्ते) काय आहे तेही सांगा.

शिरोली_दुसरी_पाळी | बुधवार, दु. १२.१५

.२ ते .२५४.

रंकाळा_टर्मिनल | बुधवार, दु. १२.४०

मग पुढचा तंटा ठरलेलाच आहे. लाइट गेली आणि सर्व्हर उशिरा उठला की राउटर .१० एखाद्या मोबाइललाही देऊन टाकेल. रेंज .१०० ते .१९९ करा. १ ते १९ गेटवे, स्विच आणि सर्व्हर. २० ते ७९ मशीन आणि कन्व्हर्टर. ८० ते ९९ प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र. २०० च्या पुढे कॅमेरे, जमलं तर वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क). काही डीव्हीआर डबा उघडल्यापासून १.६४ किंवा १.१०८ वर असतात आणि हजेरीची यंत्रं १.२०१ वर. म्हणून नवीन यंत्र आधी टेबलावर लॅपटॉपला एकटं जोडून आयपी द्यायचा, मगच लॅनमध्ये. आणि सर्व्हरवर 'एआरपीवॉच' बसवा. एक पत्ता दोन मॅकमध्ये हेलकावे खायला लागला की तो 'फ्लिप फ्लॉप' अशी मेल टाकतो.

शिरोली_दुसरी_पाळी | शनिवार, दु. १२.३०

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आयपी बदलला आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. गुरुवारपासून सकाळी ८ ला कनेक्शन तुटणं बंद. पण जावाचा कोड शुक्रवारी रात्री बदलला. तोवर क्लोज-वेट दिवसाला ४०-५० ने वाढतच होते. आज बदललेल्या कोडवर १२.२५ चे आकडे: इनयूज ७४, क्लोज-वेट ०, मेम ३१२. टीसीपी_मेमला हात लावलेला नाही.

गडहिंग्लज_जावा | शनिवार, दु. १.०५

ते ४०-५० म्हणजे तुमची मूळ गळती, आयपीच्या तंट्याआधीपासूनची. अडॅप्टर स्वतःहून रीस्टार्ट होतो किंवा वायफायवरचा डिस्प्ले तुटतो तेव्हाची. आठवडाभर रोज एकाच वेळी क्लोज-वेट मोजून लिहून ठेवा. दोनआकडी झाला तर बंद न होणारी आणखी एखादी वाट कोडमध्ये राहिलीय.

रंकाळा_टर्मिनल | शनिवार, दु. १.३०

आणि कन्व्हर्टरवर .४१ ची चिठ्ठी चिकटवा, शाईची नको, कूलंटने दोन दिवसांत जाते. कोरलेली पट्टी किंवा लॅमिनेट केलेली. कन्व्हर्टरचं रीसेट बटण दाबलं गेलं तर तो कंपनीच्या मूळ आयपीवर जाईल. तो मूळ आयपी कोणता तेही पट्टीवर लिहा आणि तो पत्ता लॅनमध्ये कुणालाच देऊ नका.

शिरोली_दुसरी_पाळी | शनिवार, दु. १.४५

त्याचा मूळ आयपी १९२.१६८.१.७ आहे. तो पत्ता सध्या ऑफिसच्या प्रिंटरला दिलाय. सोमवारी प्रिंटर .८१ वर हलवतो.